फड, सुपारी आणि निष्ठा : बदलणाऱ्या कलावंताच्या नैतिकतेचा प्रश्न

कलावंताने आपली शैली बदलली आणि त्या बदलानंतर त्याचा प्रेक्षक वाढला, की त्याच्यावर एक ठरावीक आरोप होतो : तो विकला गेला. हा आरोप समीक्षेच्या भाषेत मांडलेला असला तरी त्याचे स्वरूप नैतिक असते. 'नवी रचना फसली' हा कलामूल्याविषयीचा निर्णय आहे. 'कलावंत विकला गेला' हा माणसाच्या वर्तनाविषयीचा निर्णय आहे. पहिल्या निर्णयासाठी कलाकृतीकडे पाहणे पुरेसे असते. दुसऱ्यासाठी मात्र कोणता तरी करार मोडला गेला आहे, असे दाखवावे लागते. तो करार कोणता, तो कोणी कोणाशी केला, आणि तो मोडल्याची तक्रार करण्याचा अधिकार कोणाला पोचतो, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. प्रस्तुत लेखात ह्या प्रश्नांचा विचार करावयाचा आहे.

पाश्चात्त्य रॉक संगीतात हा वाद वारंवार झालेला दिसतो. १९८१ साली लॉस एंजेलिसमध्ये स्थापन झालेल्या 'मेटॅलिका' ह्या वाद्यवृंदाने आपल्या पहिल्या दशकात अतिवेगवान, लांबलचक आणि अनेक खंडांत विभागलेल्या रचनांवर नाव मिळवले. १९९१ साली त्यांनी स्वतःच्याच नावाने काढलेल्या ध्वनिमुद्रिकेत रचना आखूड झाल्या, गती मंदावली, सुरावट सोपी झाली. एकट्या अमेरिकेत ह्या ध्वनिमुद्रिकेच्या प्रती दीड कोटीहून अधिक खपल्या. १९९६ सालच्या 'लोड' ह्या ध्वनिमुद्रिकेच्या वेळी तर वादकांनी केस कापले, हासुद्धा बेइमानीचा पुरावा मानला गेला. जुने श्रोते दुखावले ते एवढ्याचसाठी नव्हे, की त्यांना नवे संगीत आवडले नाही. 'हे आमचे होते, ते आता सगळ्यांचे झाले' ही भावना त्या दुखावलेपणाच्या मुळाशी होती.

मराठी मुलखात ह्याच स्वरूपाचा आरोप ज्यांच्यावर सर्वाधिक झाला, ते म्हणजे तमाशाचे जुने, नामवंत फड. ह्या प्रश्नाचा विचार करण्यासाठी अहमदनगर, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील संगमनेर हे गाव विशेष सोयीचे आहे. त्या एका परिसरात कलावंताच्या बदलाची तीन वेगवेगळी उदाहरणे सापडतात, आणि त्या तिन्हींवर समाजाने दिलेले निर्णय परस्परांशी जुळत नाहीत.

आरंभ अलीकडच्या उदाहरणापासून करता येईल. कांताबाई सातारकर (१९३९–२०२१) ह्यांनी तुकाराम खेडकर ह्यांच्या मृत्यूनंतर पुढे संगमनेरात स्वतःचा फड उभा केला आणि मुलगा रघुवीर खेडकर ह्यांच्या साथीने तो महाराष्ट्रभर नेला. वगनाट्यात शिवाजी, संभाजी अशा पुरुषभूमिका करणारी स्त्री म्हणून कांताबाईंचा लौकिक होता. त्यांच्या फडाच्या वाटचालीचा काळ हाच एकंदर तंबूच्या तमाशाच्या स्थित्यंतराचाही काळ आहे. गण, गवळण, बतावणी आणि वग ही ढोलकी फडाची जुनी चौकट. ह्या काळात गवळणीनंतरची रंगबाजी फुगत गेली. ढोलकी-तुणतुण्याच्या जोडीला कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड आले. चित्रपटगीतांवरची नृत्ये आली, रंगीत प्रकाशझोत आले. आणि अनेक फडांत ध्वनिमुद्रित गाणे लावून त्यावर नाचण्याची पद्धत पडली. वग आखडत गेला आणि काही ठिकाणी तो नावापुरताच उरला. रसिकांनी व अभ्यासकांनी ह्या सगळ्याला एकच नाव दिले : तमाशा बाटला.

ह्या आरोपाला फडमालकांच्या बाजूने दिले जाणारे उत्तर पोटाचे आहे. मोठ्या फडात शंभराच्या आसपास माणसे असतात : नाचणाऱ्या मुली, वादक, सोंगाड्या, सुरत्ये, तंबू उभारणारे, गाड्या चालवणारे, स्वयंपाकी. पूर्णवेळ फड दसऱ्याला निघतो आणि वैशाखातल्या बुद्धपौर्णिमेच्या सुमारास परततो. उरलेले महिने बसून खाण्याचे. कलावंतांना हंगामापूर्वी उचल द्यावी लागते, आणि ती देण्यासाठी मालक स्वतः कर्ज काढतो. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावच्या राहुट्यांवर गावोगावचे पंच यात्रेची सुपारी द्यायला येतात, तेव्हा त्यांचा प्रश्न वग कोणता, हा असेलच असे नाही. मुली किती आणि गाणी कोणती, हेही विचारले जाते. अशा व्यवहारात जुनी चौकट तशीच राखण्याचा आग्रह धरणाऱ्या मालकाचा फड बसला, तर त्या शुद्धतेची किंमत कोण मोजतो? जिला त्या निर्णयात कसलाही आवाज नव्हता, अशी मागच्या ओळीत नाचणारी मुलगी. निष्ठेच्या चर्चेत ही मुलगी सहसा दिसत नाही. ती दिसू लागली की फडमालकाचे वर्तन हा मोह आणि निष्ठा ह्यांमधला सोपा संघर्ष उरत नाही. कलाप्रकाराविषयीचे कर्तव्य आणि आश्रितांविषयीचे कर्तव्य, अशा दोन कर्तव्यांमधला तो संघर्ष होतो.

तथापि, पोटाचे उत्तर पुरेसे नाही. उपजीविकेच्या नावाने कोणताही बदल क्षम्य ठरू लागला, तर कलाव्यवहारात नैतिक प्रश्नच शिल्लक राहत नाही. शिवाय हे उत्तर कलावंताला परिस्थितीचे बाहुले करून टाकते. त्याने जे केले ते त्याला करावेच लागले, असे म्हणणे ही सहानुभूती वाटते खरी. पण त्यात त्याच्या कर्तेपणाचा अस्वीकारही असतो. पोटासाठी बदललेल्या सगळ्या फडांनी सारखाच बदल केलेला नाही. कोणी काय राखले आणि काय सोडले, ह्यातली निवड त्यांचीच होती.

मराठी समीक्षेत ह्या प्रश्नासाठी एक संकल्पना तयार आहे. बा. सी. मर्ढेकरांनी वाङ्मयीन महात्मतेच्या चर्चेत 'आत्मनिष्ठा' हा निकष मांडला. लेखकाची अनुभूती आणि त्याची अभिव्यक्ती ह्यांच्यामध्ये बाहेरची कोणतीही शक्ती, मग ती लौकिकाची असो की प्रचाराची, येता कामा नये, असा त्याचा स्थूल अर्थ घेता येईल. एकट्याने लिहिणाऱ्या कवीच्या बाबतीत हा निकष निःसंशय मोलाचा आहे. पण फड ही एक व्यक्ती नव्हे. फडाची रचना सामूहिक असते, त्याची मालकी पिढीजात असते आणि त्याची संहिता बहुतांशी मौखिक असते. तेथे निष्ठा कोणत्या 'आत्म्या'शी असावयाची? मालकाच्या, सोंगाड्याच्या, की तीन पिढ्यांपूर्वी वग रचणाऱ्या शाहिराच्या? शिवाय तमाशात प्रेक्षक ही बाहेरची शक्तीच नाही. त्याची शिट्टी, त्याची फर्माईश, त्याचे मधेच उठून जाणे, हे सारे प्रयोगाच्या घडणीत भाग घेते. प्रेक्षकाकडे पाहणे हाच आत्मनिष्ठेचा भंग मानला, तर तमाशा पहिल्या दिवसापासून भ्रष्ट ठरेल. तेव्हा हा निकष येथे जसाच्या तसा लावता येत नाही.

येथे संगमनेरचे दुसरे उदाहरण उपयोगी पडते. शाहीर अनंत फंदी (१७४४–१८१९) हा संगमनेरचा. तमाशाच्या नादाने घरच्या रीतिरिवाजापासून दूर गेलेला हा ब्राह्मण शाहीर अहिल्याबाई होळकरांच्या उपदेशाने तमाशा सोडून कीर्तनाकडे वळला, अशी परंपरागत हकीकत आहे. ह्या अहिल्याबाई ह्याच जिल्ह्यातल्या जामखेड तालुक्यातील चौंडीच्या, आणि आज जिल्ह्याला त्यांचेच नाव आहे. ही हकीकत सांगताना कोणीही 'फंदी विकला गेला' असे म्हणत नाही. ती सुधारणेची, उपरतीची कथा म्हणून सांगितली जाते. वस्तुतः रचनेच्या दृष्टीने पाहिले तर एका मुरलेल्या कलावंताने, आश्रय देऊ शकणाऱ्या सत्ताधीशाच्या पसंतीनुसार आपला कलाप्रकार बदलला, हेच येथेही घडले आहे. पुढे दुसऱ्या बाजीरावाच्या सांगण्यावरून त्याने 'माधवग्रंथ'ही रचला. गावच्या पंचांनी दिली ती सुपारी आणि दरबाराने दिला तो आश्रय, ह्या शब्दभेदाने व्यवहाराचे स्वरूप बदलते असे मानण्याचे कारण नाही. फरक आहे तो दिशेचा. फंदी प्रतिष्ठेच्या दिशेने गेला. तंबूचा तमाशा यात्रेतल्या गर्दीच्या दिशेने गेला. म्हणजे 'बाटणे' ह्या शब्दाने ज्याचा निषेध होतो तो बदल नसून त्या बदलाची सामाजिक दिशा असते. हा शब्द मुळात जातिव्यवस्थेच्या कोशातून आलेला आहे, हे लक्षात घेतले तर ह्यात आश्चर्य वाटू नये.

तिसरे उदाहरण पवळाबाईंचे. संगमनेर तालुक्यातील हिवरगाव पावसा ह्या गावची पवळा ही तमाशाच्या बोर्डावर उभी राहिलेली पहिली स्त्री मानली जाते. पठ्ठे बापूरावांच्या (१८६६–१९४५) फडाची कीर्ती तिच्या नावापासून वेगळी करता येत नाही. तिच्यापूर्वी स्त्रीचे काम नाच्या पोऱ्या करीत असे. प्रत्यक्ष स्त्री बोर्डावर आली आणि तिच्यासाठी गर्दी लोटू लागली. त्या काळातल्या जाणकाराच्या दृष्टीने नाच्याची कला जाऊन तिच्या जागी देहाचे आकर्षण आले, असा युक्तिवाद सहज करता आला असता. आज मात्र पवळा ही परंपरेचा उगम मानली जाते, आणि तिच्यापासून सुरू झालेली प्रथा हाच 'अस्सल' तमाशा ठरतो. ज्या रूपाशी बेइमानी झाल्याची तक्रार आहे ते रूप स्वतःच एका जुन्या, यशस्वी, गर्दी खेचणाऱ्या बदलातून जन्मलेले आहे.

परंपरेत दुसऱ्या दिशांनी झालेले बदलही कमी नाहीत. सत्यशोधक जलशांनी तमाशाचीच चौकट घेऊन तिच्यात प्रबोधनाचा आशय भरला. १९४४ साली स्थापन झालेल्या लाल बावटा कलापथकात अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर ह्यांनी ह्या रूपाला कामगार चळवळीच्या कामी लावले. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली आणि ती उठवताना संहिता तपासून घेण्याचे बंधन घातले. 'लोकनाट्य' हे सोवळे नाव त्यानंतरच्या काळात फडांच्या पाट्यांवर रुळले. 'सांगत्ये ऐका' (१९५९) आणि 'पिंजरा' (१९७२) ह्यांसारख्या चित्रपटांनी लावणी उचलून तिला वाद्यवृंदाचा साज दिला. तीच लावणी पुढे चित्रपटगीत म्हणून फडात परत आली. तमाशाने सिनेमाची नक्कल केली असे म्हणताना आधी कोणी कोणाकडून घेतले, ह्याचा हिशेबही ठेवावयास हवा. वग आखडण्याचे खापर एकट्या प्रेक्षकाच्या अभिरुचीवर फोडणेही अन्यायाचे होईल. ध्वनिप्रदूषण नियम २००० साली आले आणि रात्री दहानंतर उघड्यावरच्या ध्वनिक्षेपकावर निर्बंध आला. जो वग मध्यरात्री उभा राहून पहाटेपर्यंत चालत असे, त्याचा वेळच कायद्याने काढून घेतला. जी वेळ उरली तिच्यात यात्रेतला प्रेक्षक आधी काय मागणार, हे उघड आहे.

येथवरच्या विवेचनावरून सगळेच बदल सारखे आणि सगळेच निर्दोष, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. तो टाळावयास हवा. परंपरा नेहमीच बदलत आली आहे, हे विधान खरे आहे. पण ते इतके सर्वसमावेशक आहे, की त्याने कोणत्याही विशिष्ट बदलाचे मूल्यमापन होत नाही. मग बदलातला फरक कशाने ओळखावा?

तमाशाच्या रूपातच ह्याचे उत्तर शोधता येईल. गवळणीत मावशी आणि पेंद्या देवालाच अडवतात. बतावणीत दोघेजण एकमेकांचे बोलणे उलटवतात. वगात राजा दरबार भरवतो आणि सोंगाड्या त्या दरबाराच्या मध्ये उभा राहून आजच्या गावचा, आजच्या पुढाऱ्याचा, समोर बसलेल्या पंचाचा विषय काढतो. सवाल-जवाबात तर हेच तत्त्व स्पर्धेचे रूप घेते. ह्या सर्व घटकांत समान असलेली गोष्ट म्हणजे उलट बोलण्याची शक्ती. फड प्रेक्षकाचे पैसे घेतो, त्याची करमणूक करतो, त्याला मुजराही करतो. पण त्या साऱ्या व्यवहारात त्याच प्रेक्षकाला चार शब्द सुनावण्याची जागा स्वतःकडे राखून ठेवतो. तमाशाचा प्रेक्षकाशी असलेला अलिखित करार हाच असावा : तू पैसे देशील, आणि तरी मी तुला बोलेन. हा करार रूपाशी किंवा वाद्यांशी केलेला नाही. म्हणून ढोलकीच्या शेजारी कीबोर्ड आला, ह्याने तो मोडत नाही. चित्रपटगीत आले, ह्यानेही मोडत नाही. कारण फडातला गायक ते गीत स्वतः म्हणत असेल तर त्याची एखादी ओळ फिरवू शकतो, मध्येच थांबू शकतो, सोंगाड्या त्यात तोंड घालू शकतो. पण ध्वनिमुद्रित गाणे लागले, की ते आपल्या ठरलेल्या लांबीने संपते. त्याच्यात कोणालाही मध्ये बोलता येत नाही. समोर दंगा झाला तरी ते गाणे त्या दंग्याला उत्तर देऊ शकत नाही. अडोर्नो ह्यांनी १९४१ साली लोकप्रिय संगीतावरील निबंधात प्रमाणीकरणाविषयी जे म्हटले होते, की श्रोत्याची प्रतिक्रिया रचनेतच आधी ठरलेली असते, त्याचा तमाशापुरता अर्थ येथे नेमका होतो. प्रेक्षकाला हवे ते देण्यात बेइमानी नाही. त्याला फक्त हवे तेच देता येईल, अशी व्यवस्था स्वतःवर लादून घेण्यात ती आहे.

हा निकष फंदीला लावून पाहण्यासारखा आहे. तमाशा सोडल्यावर त्याच्या हातून काय गेले? लावणीचा शृंगार मागे पडला असे मानले, तरी शाहिराचा बाणा गेला नाही. मार्च १७९५ मध्ये खर्ड्याची लढाई झाली, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये अहिल्याबाईंचे निधन झाले. म्हणजे उपदेशाची हकीकत खरी मानली तर तो प्रसंग त्यापूर्वीचा असणार. खर्ड्याच्या लढाईवर फंदीचा पोवाडा आहे, आणि सवाई माधवरावावरील त्याची रचना तर आणखी नंतरची. शिवाय ज्या रचनाप्रकाराचा जनक म्हणून तो ओळखला जातो, तो फटका म्हणजे श्रोत्याला थेट संबोधून हाणलेला शब्दांचा चाबूकच होय. आश्रय बदलला, श्रोता बदलला, कलाप्रकारही बदलला. परंतु श्रोत्याला सुनावण्याची जागा फंदीने सोडली नाही. ह्या अर्थाने तो निष्ठावंत ठरतो, आणि ही निष्ठा त्याच्या प्रतिष्ठित होण्यामुळे आलेली नाही.

ह्या निकषावर एक आक्षेप संभवतो. तमाशातले उलट बोलणे नेहमीच सत्तेविरुद्ध होते असे नाही. बतावणीतले विनोद पुष्कळदा स्त्रीच्याच अंगावर येत. फडातल्या स्त्रीला गर्दीपुढे निरुत्तर करणारी हजरजबाबी वृत्ती ही नैतिक शक्ती कशी मानावयाची? आक्षेप रास्त आहे, आणि त्याने निकषाची मर्यादा स्पष्ट होते. उलट बोलण्याची जागा राखली म्हणजे त्या जागेचा उपयोग चांगलाच झाला, असे सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते इतकेच, की तिचा उपयोग करणारा जबाबदार आहे. त्याला दोष देता येतो, त्याच्याकडून अधिक चांगल्याची अपेक्षा करता येते. कांताबाई शिवाजीच्या वेशात बोर्डावर उभ्या राहत, तेव्हा नाचणाऱ्या बाईला पाहायला आलेल्या गर्दीसमोर एक बाई राजा होऊन बोलत असे. वगाच्या त्या जागेखेरीज ते शक्य झाले नसते. ध्वनिमुद्रित गाण्यावर नाचणाऱ्या मुलीला अशी जागाच मिळत नाही. तिला पाहता येते. ती बोलू शकत नाही. रंगबाजीने वग गिळला ह्याचे दुःख करावयाचे, तर ते परंपरेच्या शुद्धतेसाठी करण्यापेक्षा ह्या मुलीच्या हिरावलेल्या वाक्यांसाठी करणे अधिक योग्य होईल.

आता आरोप करण्याच्या अधिकाराचा प्रश्न उरतो. तंबूचे तिकीट काढून मातीवर बसणाऱ्या, वग पाहण्यासाठी पहाटेपर्यंत थांबणाऱ्या प्रेक्षकाला हा अधिकार निश्चित आहे. तो त्या कराराचा एक पक्षच होता. समीक्षकाचे काय? वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा' (१९६५) ह्या लोकनाट्याला सुशिक्षित वर्गाने नाट्यगृहात डोक्यावर घेतले, पण त्याच काळात चाललेल्या तंबूतल्या तमाशाकडे तो वर्ग फारसा फिरकला नाही. ज्याने जुन्या फडाला तिकिटाचा पैसा दिला नाही, त्याच्या संहिता लिहून घेतल्या नाहीत, रात्री दहाच्या नियमाने वगाचा गळा आवळला तेव्हा आवाज उठवला नाही, त्याने नंतर 'तमाशा बाटला' असे म्हणणे म्हणजे कराराची एकही अट न पाळता करारभंगाची फिर्याद करणे होय. त्याचा कलाविषयक निर्णय बरोबर असू शकतो. नवा प्रयोग जुन्याहून कमअस्सल असू शकतो. पण 'विकला गेला' ह्या नैतिक निर्णयासाठी त्याला आधी आपली बाजू तपासावी लागेल.

फड बदलणार, त्याला बदलावे लागणार. प्रत्येक बदलाच्या वेळी त्याच्याकडून कोणती वाद्ये आली आणि कोणती गाणी गेली, ह्याचा हिशेब मागण्यापेक्षा, सोंगाड्याची जागा उरली की नाही आणि मागच्या ओळीतल्या मुलीला एखादे वाक्य मिळाले की नाही, हे विचारणे न्यायाचे ठरेल. हाच प्रश्न मेटॅलिकाच्या जुन्या श्रोत्यालाही स्वतःला विचारता येईल : त्या वाद्यवृंदाने गती कमी केली तेव्हा त्याच्याकडे श्रोत्याला सांगण्यासारखे काही उरले होते की नव्हते. केस कापले की नाही, ह्याचा त्या उत्तराशी संबंध नाही.